सबवूफर आणि घर: हादरे शोधायचे कसे, थांबवायचे कसे

सोफ्यामागच्या भिंतीला लागून फरशीवर पांढऱ्या भुकटीची बारीक रेघ दिसली, तेव्हा वाटलं रंगकामाचं काही राहून गेलं असेल. पुसून टाकली. दोन रविवारांनी ती पुन्हा त्याच जागी. स्टूल घेऊन वर पाहिलं, तर पीओपीच्या कोव्हची, म्हणजे भिंत आणि छत जुळतात तिथल्या सजावटीची, पट्टी भिंतीपासून नखभर सुटलेली. मिस्त्रीला फोन करायचा म्हणून ठेवला, आणि पुढच्या शनिवारी सिनेमा चालू असतानाच साडेतीन फुटांचा तुकडा सोफ्यावर आला. दहा मिनिटांपूर्वी त्याच जागी माझी मुलगी उशी घेऊन लोळत होती.

त्या दिवसापासून मी हा विषय हातात घेतला. सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर, विकला नाही. बारा इंची, पोर्टेड (डब्याला हवेसाठी भोक असलेला), पाचशे वॉटचा तोच डबा आजही त्याच हॉलमध्ये आहे, सिनेमा पूर्वीइतकाच दणदणीत लागतो, आणि खिडकी वाजत नाही. हे कसं जमलं ते क्रमाने सांगतो. यातलं बहुतेक काम फुकटात होतं. फक्त एक रविवार आणि मदतीला घरातलं आणखी एक माणूस हवं.

आधी हे समजून घ्या

अनेकांना वाटतं की मोठ्या आवाजाच्या जोराने घर मोडतं. आकडे तसं सांगत नाहीत. ११५ डेसिबलला हवेच्या दाबातला चढउतार साधारण ११ पास्कल असतो. चार बाय चारच्या खिडकीच्या काचेवर त्याचा जोर होतो पावणेदोन किलोच्या आसपास. ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्याच काचेवर याच्या पाचपट रेटा देतो, आणि असा वारा वळवाच्या दिवसांत कितीदा येऊन जातो. काच तेवढ्याने फुटत नाही.

फरक असा की वारा रेटतो आणि सबवूफर हलवतो. ३८ हर्ट्झचा सूर म्हणजे सेकंदाला ३८ वेळा पुढे आणि ३८ वेळा मागे. अर्ध्या मिनिटाच्या एका स्फोटाच्या दृश्यात काच, कोव्ह, कपाटाचं दार हजाराहून जास्त वेळा हलतं. घट्ट बसवलेल्या वस्तूला त्याचं काही नाही. पण जे आधीच थोडं सैल आहे, अर्धवट चिकटलेलं आहे, खिळ्यावर लटकलेलं आहे, ते दर आठवड्याला थोडं थोडं सुटत जातं.

आणि इथे खोलीचा स्वतःचा सूर येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एका ठरावीक सुराची अर्धी लाट बरोबर मावली की तो सूर घुमू लागतो. हिशोब सोपा आहे: ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. माझा हॉल १५ बाय ११ आणि उंची साडेनऊ फूट. म्हणजे ३८, ५१ आणि ५९ हर्ट्झ. या तीन सुरांवर खोली स्वतःच ॲम्प्लिफायरचं काम करते. सबवूफर कोपऱ्यात असेल तर हे तिन्ही सूर एकदम उठतात, आणि नेमका बहुतेकांचा सबवूफर कोपऱ्यातच असतो, कारण तिथे तो अडचण होत नाही.

आपल्या घरांची आणखी एक गोष्ट. सबवूफरचे बहुतेक परदेशी रिव्ह्यू लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डच्या भिंतींच्या घरांतून येतात. तिथे खालचा बेस भिंतीतून बराचसा बाहेर निघून जातो. आपल्याकडच्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब तो आतच कोंडून ठेवतात. त्यामुळे तिथे ‘मध्यम खोलीला पुरेसा’ म्हटलेला सबवूफर इथे त्याच मापाच्या खोलीत जड पडतो, आणि घुमणारे सूर जास्त टोकदार होतात. माझ्या हॉलमध्ये ३८ हर्ट्झचा सूर शेजारच्या सुरांपेक्षा १४ डेसिबल वर होता. घराला त्रास द्यायचं काम तो एकटा सूर करत होता, आणि ऐकण्यातली गंमत त्याच्यात जवळजवळ नव्हती. नुसता गदगदाट. हा एक सूर पकडून खाली आणला की घर वाचतं आणि बेसही सुधारतो. या लेखाचा गाभा हाच आहे.

पायरी १: काहीही बदलण्याआधी नोंद करा

दिवसाउजेडी टॉर्च घेऊन खोलीभर फिरा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरला की बारीक चिराही उठून दिसतात. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. पुढे ‘चीर वाढली का’ हा वाद घरात किंवा शेजाऱ्यांशी झाला तर हाच पुरावा.

पण सगळ्या चिरांचं खापर सबवूफरवर फोडू नका. कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथली उभी सरळ चीर, किंवा बीमच्या खाली भिंतीच्या माथ्यावरची आडवी चीर बहुतेक वेळा दोन वेगळ्या साहित्यांच्या आकसण्याची असते. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) नव्या इमारतींत तर ती पहिल्या दोन-तीन वर्षांत जवळपास ठरलेली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली चीर पाया खचण्याकडे बोट दाखवते. कॉलमला समांतर उभी चीर आणि तिच्या आसपास तांबूस डाग किंवा फुगलेलं प्लास्टर म्हणजे आतली सळई गंजते आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींत हे फार दिसतं. अशा चिरा दिसल्या तर सबवूफरचा विचार बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. चीर १ मिलिमीटरच्या आत असेल तर प्रश्न साधारणपणे रंगाचा आणि पुट्टीचा असतो. ५ मिलिमीटरच्या पुढे गेली तर वाट पाहू नका.

सबवूफरच्या खुणा वेगळ्या असतात. पीओपीच्या जोडांतून गळलेली भुकटी. जिप्सम बोर्डवर स्क्रूच्या डोक्याएवढे गोल फुगवटे. तसबिरीच्या मागे भिंतीवर घासल्याचा काळपट चंद्र. खिडकीच्या कडेला काच आणि ॲल्युमिनियम घासून पडलेली करडी पूड. शोकेसच्या काचेच्या फळीवर आपोआप कडेकडे सरकलेल्या वस्तू.

पायरी २: कोणता सूर काय वाजवतो ते शोधा

याला सर्वांत जास्त वेळ द्या. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत ॲप घ्या, फोन केबलने किंवा ब्लूटूथने रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, जोडा. मोठे स्पीकर बंद, फक्त सबवूफर चालू. आवाज सिनेमाला ठेवता त्यापेक्षा बराच खाली. सलग चालणारा शुद्ध सूर सिनेमातल्या क्षणभराच्या धक्क्यापेक्षा सबवूफरच्या कॉइलला जास्त तापवतो, म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका. पोर्टेड सबवूफर असेल तर २० हर्ट्झच्या खाली जाऊच नका. तिथे कोन, म्हणजे सबवूफरचा पुढचा हलणारा पडदा, मोकाट सुटतो.

आता २० पासून १०० पर्यंत एकेक हर्ट्झ वर जा. एकाने सूर बदलायचा, दुसऱ्याने हात लावत फिरायचं. कानांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. खिडकीच्या काचेच्या मध्यावर चार बोटांची टोकं अलगद टेकवा. २५ ला काहीच जाणवणार नाही, ३० ला मुंग्या आल्यासारखं, ३६ ला काच बोटांखाली श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होते आणि ४२ ला पुन्हा शांत. तो टप्पा लिहून ठेवा. मग दाराचं पान, कडी, पंखा, शोकेसचं दार, देवघरातली घंटा, मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या, एसीचं झाकण, स्विचबोर्डच्या प्लेट, इन्व्हर्टरच्या वरचं सामान, सगळं एकेक करून.

एक साधी युक्ती सांगतो. स्टीलची पसरट ताटली फरशीवर ठेवून तिच्यात बोटभर पाणी घाला. जिथे स्लॅब जास्त हलतो तिथे पाण्यावर गोल गोल बारीक वळ्या उठतात. ताटली सरकवत नेली की हॉलमधल्या हलत्या आणि शांत जागा डोळ्यांना दिसतात. पुढच्या पायरीत सबवूफर कुठे ठेवू नये, ते ही ताटली तुम्हाला सांगेल.

शेवटी कागदावर तक्ता असा दिसेल: ३२ ला स्वयंपाकघराची ट्रॉली, ३६ ते ३९ खिडकी आणि कोव्ह, ५१ ला तसबीर, ६४ ला ट्यूबलाइटची पट्टी. माझ्या तक्त्यात अकरा वस्तू होत्या आणि त्यातल्या सात ३६ ते ३९ मध्ये.

लॅपटॉप असेल आणि थोडी आवड असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा मोजणीचा माइक घ्या. सगळे चढ एका आलेखात समोर येतात. नसेल तरी अडत नाही.

पायरी ३: सबवूफर हलवा

एक पैसा खर्च न करता सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या जागी, सोफ्यावरच ठेवा. बेसचं एखादं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने ओणवे होऊन, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून फिरा. काही जागी गदगदाट, काही जागी बेस गायब, आणि एक-दोन जागी तो आटोपशीर, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल असा. ती जागा खडूने खूण करा आणि सबवूफर तिथे आणा. सोफा आणि सबवूफर यांनी जागा बदलली तरी नातं तेच राहतं, म्हणून ही युक्ती चालते.

ऐकायला चांगल्या दोन-तीन जागा सापडल्या तर घराला सोयीची निवडा. शेजारच्या फ्लॅटशी सामाईक असलेली भिंत नको, काचेच्या शोकेसचा शेजार नको, पोकळ फरशीवर नको. कोपऱ्यापासून तीन-चार फूट सरकलात तरी घुमणारा सूर खाली येतो. माझ्याकडे १५ फुटांच्या भिंतीच्या साधारण मध्यावर आणल्यावर १४ चा चढ ६ वर आला. टीव्ही युनिटच्या कप्प्यात सबवूफर कोंबून ठेवला असेल तर आधी तो बाहेर काढा. सगळं फर्निचर त्याच्यासोबत वाजतं.

पायरी ४: उरलेला चढ कापा

रिसीव्हरमध्ये किंवा सबवूफरच्या ॲपमध्ये पॅरामेट्रिक ईक्यू (ठरावीक सूर निवडून कमी-जास्त करायची सोय) असेल तर तक्त्यातला मुख्य सूर, माझ्या बाबतीत ३८, अरुंद पट्ट्यात ६ डेसिबलने खाली घ्या. एवढंच. जिथे बेस कमी ऐकू येतो तिथे वाढवायला जाऊ नका. तो खड्डा दोन लाटा एकमेकींना मारतात म्हणून पडलेला असतो. कितीही वाढवा, सोफ्यावर भरत नाही, आणि वाढवलेली ताकद खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकी वाजवते.

मग सबवूफरची पातळी तपासा. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन झाल्यावर बरेच जण ‘थोडा दम येऊ दे’ म्हणून सबवूफर ५-६ डेसिबल वर घेतात. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत बेसचा वेगळा चॅनेल मुळातच बाकी चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर वाजेल अशी व्यवस्था असते. थिएटरच्या संदर्भ पातळीवर मुख्य चॅनेलचा कळस १०५ आणि बेसचा ११५ डेसिबल धरलेला आहे. त्यावर आणखी ६ म्हणजे दाब दुप्पट. चढ कापल्यानंतर ती गरज उरत नाही, कारण आधी त्या एका सुराने बाकी बेस झाकून टाकलेला होता. कमी आवाजात बेस आपोआप उचलणारी सोय, म्हणजे ‘लाउडनेस’ किंवा ‘डायनॅमिक ईक्यू’, चालू असेल तर ती बंद करून ऐकून पाहा.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराच्या खालचं काम सबवूफरकडे जातं ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. आणि सबवूफरमध्ये अगदी खालचे सूर गाळायची सोय असेल तर ती २० ते २५ हर्ट्झवर लावा. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हवा हलवावी लागते. त्या कष्टाचं फळ ऐकण्यात फार थोडं मिळतं. स्लॅब आणि दारं मात्र तिथे हमखास हलतात.

ज्यांना अंगावर येणारा हादराच हवा आहे, आणि ती हौस मला पूर्ण समजते, त्यांनी बेस शेकर पाहावा. सोफ्याच्या लाकडी चौकटीला खालून स्क्रूने बसणारं हे उपकरण हवा न हलवता थेट सोफा हलवतं. सोफ्याच्या पायांखाली मऊ रबर घातलं की हादरा स्लॅबमध्ये फारसा उतरत नाही. शेकर लावल्यावर सबवूफर ५-६ डेसिबल खाली आणला तरी घरच्यांना फरक कळत नाही. माझ्या घरी तरी कळला नाही.

पायरी ५: सबवूफरच्या खाली काय घालायचं

याबद्दल गैरसमज फार आहेत. खिडकी, कोव्ह, तसबीर यांना हलवणारा बेस मुख्यतः हवेतून येतो. खाली कितीही महाग पॅड घातलं तरी तो थांबत नाही. पॅडचा उपयोग फरशी, टीव्ही युनिट आणि खालच्या मजल्याच्या छताकडे डब्यातून थेट जाणाऱ्या हादऱ्यापुरता. तोही पॅड योग्य असेल तरच.

योग्य म्हणजे सबवूफरच्या वजनाने दिसेल इतका दबणारा. ३ मिलिमीटर दबला तर त्याचा स्वतःचा सूर ९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि साधारण १३ च्या वरचं तो अडवू लागतो. १ मिलिमीटरच दबला तर तोच सूर १६ वर येतो आणि २० हर्ट्झच्या आसपास पॅड हादरा उलट वाढवतो. जिमच्या कडक रबरी टाइलवर ठेवलेला सबवूफर म्हणूनच काही फरक दाखवत नाही. सॉर्बोथेन या हादरा शोषणाऱ्या मऊ पदार्थाचे अर्धगोल मिळतात, ते पाकिटावर दिलेल्या वजनाच्या मर्यादेप्रमाणे निवडा. गरजेपेक्षा जाड आणि कडक घेऊ नका.

टोकदार स्पाइक्स व्हिट्रिफाइड टाइलवर कधीच लावू नका. स्पाइक हादरा अडवत नाही, तो फरशीला आणखी घट्ट जोडतो, आणि टाइल खालून पोकळ असेल तर बरोबर टोकाखाली तडा जातो. नवीन सबवूफर घेणार असाल तर विरुद्ध बाजूंना तोंड केलेल्या दोन ड्रायव्हर्सचा (कोन आणि कॉइलच्या दोन जोड्यांचा) पाहा. दोघांचे धक्के एकमेकांना छेदतात आणि डबा जवळजवळ स्थिर राहतो. झाकणावर नाणं उभं करता येतं.

पायरी ६: आता घराची डागडुजी

खिडक्यांपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडकीत चार गोष्टी सैल होतात: काचेभोवतीचं रबर, कडेची ब्रशची पट्टी, खालचे रोलर आणि लॉक. रबर उन्हाने कडक होऊन आकसतं आणि कोपऱ्यात काच थेट धातूला टेकते. हा टेकलेला बिंदूच धोक्याचा, कारण काच फुटते ती कडेपासून. नख घालून पाहा. कोपऱ्यात रबर नसेल तर सेक्शनवाल्याला बोलवून पूर्ण रबर बदलून घ्या, नुसतं सिलिकॉन फासून भागवू नका. ब्रशची पट्टी मीटरवर मिळते आणि घरीच सरकवून बसवता येते.

पीओपी आणि जिप्समच्या छताला जास्त आदर द्या, कारण ते डोक्यावर असतं. झाडूच्या दांड्याला कापड गुंडाळून जोडाजोडाने हलकं ठोका. घट्ट जागी ‘टक’, सुटलेल्या जागी ‘भद्द’. मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: वरची चौकट स्लॅबला कशाने धरली आहे? स्लॅबमध्ये बसवलेल्या लाकडी ठोकळ्यात ठोकलेल्या खिळ्यांवर असेल तर ते खिळे हादऱ्याने बाहेर येतात. तिथे स्लॅबमध्ये धातूचे अँकर फास्टनर घालून नवीन आधार द्यायला सांगा. माझी कोव्ह नुसत्या पीओपीच्या लगद्यावर भिंतीला चिकटवलेली होती, तीसुद्धा रंगावर. रंग खरवडून, भिंतीला टाचे मारून, मधे मधे स्क्रू घालून ती पुन्हा बसवली. सोफ्याच्या बरोबर वर जड मोल्डिंग किंवा झुंबर नकोच.

पंख्याच्या डाऊनरॉडचे बोल्ट आणि कॉटर पिन इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा बघून घ्या. टीव्हीच्या वॉलमाउंटचे स्क्रू पोकळ ब्लॉकच्या भिंतीत सैल होतात, तेही.

बाकी किरकोळ. तसबिरींच्या खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या आणि वर एकाऐवजी दोन खिळे. कपाटांच्या दारांना आतून रबरी बटणं. ट्रॉल्यांमध्ये जाळीची रबरी चटई. डॅडोच्या टाइल लाटण्याच्या टोकाने ठोकून पाहा, पोकळ वाजली तर ती निघण्याआधी काढून नव्याने लावा.

जुन्या घरांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. वाड्यातली लाकडी तक्तपोशी, मातीचा गिलावा, माळवद, कोकणातली कौलं. इथे हिशोब वेगळा आहे. कौल नुसतं अडकवलेलं असतं. हादऱ्याने ते एक सूतभर सरकलं तरी पावसाळ्यात गळती लागते. लाकडी तुळयांवरची जमीन सबवूफरच्याच सुरांवर सहज डोलते. अशा घरात सबवूफर पोर्टेड न घेता बंद डब्याचा आणि लहान घ्यावा, तो जमिनीच्या मध्यावर न ठेवता भिंतीजवळ, तुळईच्या टोकापाशी ठेवावा, आणि खालचे सूर ३० हर्ट्झला गाळावेत. शंभर वर्षांचा गिलावा पुन्हा तसा करून देणारा गवंडी आज मिळत नाही.

अमेरिकेत किंवा कॅनडात बेसमेंट थिएटर करणाऱ्या मंडळींनी जिप्सम बोर्डचे स्क्रू पाहावेत. भिंतीवर गोल फुगवटे आले असतील तर ते नुसते पुट्टीने झाकू नका. जुन्या स्क्रूच्या दोन इंच वर आणि खाली नवे स्क्रू थेट लाकडी स्टडमध्ये घ्या, जुना काढा, मग टेप आणि पुट्टी.

पायरी ७: फोनने मोजा

‘फायफॉक्स’ हे आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप फोनमधला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, वापरतं. फोन फरशीवर किंवा खिडकीच्या ओट्यावर दुहेरी टेपने घट्ट चिकटवा, गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजायचा प्रयोग निवडा आणि तुमचा मुख्य सूर सिनेमाच्या पातळीवर पाच सेकंद वाजवा. जो कमाल आकडा येईल त्याला ६.२८ गुणिले हर्ट्झने भागा आणि १००० ने गुणा. उत्तर मिलिमीटर प्रति सेकंदात. ३८ हर्ट्झला ०.२४ आलं तर ते १ मिलिमीटर प्रति सेकंद. फोन सेकंदाला १०० च नोंदी घेत असेल तर ४० हर्ट्झच्या वरच्या आकड्यावर विसंबू नका.

तुलनेला आधार असा: जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकात राहत्या घरांना थोड्या वेळाच्या हादऱ्यांसाठी पायाशी १० हर्ट्झखाली ५, आणि १० ते ५० हर्ट्झमध्ये ५ ते १५ मिलिमीटर प्रति सेकंद अशी मर्यादा आहे, नाजूक, जपायच्या वास्तूंना त्याच टप्प्यांत ३ आणि ३ ते ८. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात सुरुंगांच्या हादऱ्यांसाठी इतरांच्या राहत्या घरांना ८ हर्ट्झखाली ५, २५ पर्यंत १० आणि त्यावर १५ असे आकडे आहेत. माणसाला मात्र ०.३ च्या आसपासच घर हलल्यासारखं वाटू लागतं. म्हणजे भीती वाटायला लागते आणि इमारतीला धोका पोचतो, यांच्यात मोठं अंतर आहे.

पण ही मानकं कधीमधी येणाऱ्या हादऱ्यांची आहेत आणि आपला सबवूफर दर आठवड्याला चालतो, म्हणून मी माझी रेघ बरीच खाली ओढली आहे. फरशीवर १ च्या आत असेल तर निश्चिंत. १ ते ३ मध्ये पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. ३ च्या वर असेल तर तो सूर त्या पातळीवर घरात वाजवायचाच नाही. माझा आकडा कोपऱ्यात असताना २.६ होता, आता ०.५ आहे.

पायरी ८: खालच्या मजल्यावर जाऊन बसा

ही पायरी लोक टाळतात. मीही दोन वर्षं टाळली. शेवटी मुलाला वर सिनेमा लावायला सांगून खालच्या काकांच्या बेडरूममध्ये जाऊन बसलो. संवाद, संगीत, काही ऐकू येत नव्हतं. फक्त पलंगाचं डोकं भिंतीला लागलेलं होतं तिथे एक बारीक, सतत घरघर, आणि कपाटाच्या आरशात दिव्याचं प्रतिबिंब थरथरत होतं. काकू म्हणाल्या, “रोज रात्री हे असंच. आम्हाला वाटलं, कुणाच्या बोअरची मोटर आहे.” काकांना झोपेची गोळी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

सोसायटीत कुणी डेसिबलचं ॲप दाखवून ‘पन्नासच तर आहे’ म्हणालं तर ते मान्य करू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ अशी मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापाच्या डेसिबलमध्ये. हे माप खालचे सूर जवळजवळ पाहतच नाही: ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल वजा करतं. खोलीत त्या सुराचे ९० डेसिबल असले तरी मीटर ५१ दाखवतो, आणि पलंग हलत असतो. नियमात बसणं आणि शेजाऱ्याची झोप शाबूत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून शेजाऱ्यांबरोबर फोनवर बोलत पातळी ठरवा. ते त्यांच्या बेडरूममध्ये, तुम्ही रिमोट घेऊन वर. जिथे ते ‘आता नाही जाणवत’ म्हणतील तो आकडा कागदावर लिहून रिसीव्हरवर चिकटवा. दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा. पण तो सगळ्या आवाजातला चढउतार कमी करतो, खालचा बेस पूर्ण अडवत नाही. आमच्याकडे दहा वाजता सबवूफरचा प्लगच निघतो आणि शेकर चालू राहतो.

नंतरची तपासणी

दिवाळीआधी घर झाडायला काढता तेव्हा तक्ता पुन्हा हातात घ्या. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात आणि नंतर आकसतात, उन्हाळ्यात रबर कडक होतं, म्हणून वाजणाऱ्या वस्तू दरवर्षी थोड्या बदलतात. अर्ध्या तासात २० ते १०० हर्ट्झची एक फेरी होते. कोव्हचे जोड ठोका, खिडकीच्या कोपऱ्यांत नख घाला, भिंतीच्या कडेची फरशी कोरड्या पांढऱ्या कपड्याने न पुसता गडद कपड्याने पुसा, म्हणजे भुकटी असली तर दिसेल. आणि पेन्सिलीच्या खुणा बघा. जेवणाच्या टेबलावरच्या कोव्हच्या जोडाला मी तीन तारखा लिहिल्या आहेत. चीर अजून पहिल्या रेघेपाशीच आहे.